पंखावर चिकटवलेला शिवणाचा दोरा

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, मामा शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, मला विमानाचा पंख करायचाय, तू येशील का. आठवीत आहे तो. मी म्हटलं येतो, पण करायचा तू, मी फक्त शेजारी बसणार. तसं बघितलं तर मला कधी कुणी पंखाविषयी विचारतंय याचीच मी वाट बघत असतो. दिवसभर टूलरूममध्ये वायरकट मशीनवर (तारेने धातू कापणारं) प्रोफाइल कापत असतो, पंच आणि डाय, त्यात आकार म्हणजे ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा, तो आला की काम संपलं. पंखाच्या आकाराचं तसं नाहीये. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला असताना बालसा या हलक्या लाकडाचे ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) करायला शिकलो तेव्हापासून हा आकार डोक्यात बसलाय तो काही निघत नाही. आणि या तीन रविवारी भाच्याबरोबर जे काही केलं त्यात मला स्वतःलाच एक गोष्ट पहिल्यांदा हाताला लागली, वाचून माहीत होती पण हाताला नव्हती लागली, म्हणून हे लिहितोय.

आधी त्याने मला त्याचं गाईड दाखवलं. त्यात पंख आडवा कापला तर कसा दिसतो त्याचं चित्र, पुढे गोल, मागे निमुळता, वरून फुगीर, खालून सपाट. आणि खाली लिहिलेलं की वरचा रस्ता लांब आहे आणि खालचा आखूड, दोन्हीकडच्या हवेला मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचं असतं, म्हणून वरची हवा जोरात पळते, जोरात पळाली की दाब कमी होतो, आणि विमान वर उचललं जातं. हे मीही शाळेत असंच शिकलो होतो आणि कित्येक वर्षं लोकांना असंच सांगितलंय. ते चूक आहे. दाब वर कमी असतो हे खरं, वरची हवा जोरात जाते हेही खरं, पण "एकाच वेळी पोचायचं असतं" हे कुणी ठरवलं? पुढच्या कडेला दोन कण वेगळे झाले, एक वरून गेला एक खालून गेला, त्यांनी मागे भेटायचं काही वचन दिलेलं नसतं.

हे नुसतं तोंडाने सांगण्यापेक्षा मोजू म्हटलं. चार्ट पेपर चिकटवून त्यावर ५०० मिलिमीटर लांबीचा २४१२ नावाचा प्रोफाइल, म्हणजे पंखाचा आडवा कापलेला आकार, काढला (नावाचं पुढे सांगतो), आणि ताईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन वरच्या रेषेवरून एकदा आणि खालच्या रेषेवरून एकदा लावून मोजला. फरक किती आला, तर साधारण ७ मिलिमीटर. ५०० ला ७. म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही. हाच प्रोफाइल सेसना १७२ या छोट्या चार सीटच्या विमानाला आहे, पंखाचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटरच्या थोडं वर, वजन भरून हजार-अकराशे किलो, वेग धरा सेकंदाला ६० मीटर. आता गाईडप्रमाणे वरची हवा दीड टक्का जोरात गेली असं धरून बर्नुलीचं (वेग वाढला की दाब किती घटतो त्याचं) गणित केलं तर उचल येते शंभर-सव्वाशे किलोची. विमान अकराशे किलोचं. भाच्याने दोनदा कॅल्क्युलेटर मारला, मग माझ्याकडे बघत म्हणाला, मग बाकीचं वजन कोण उचलतं?

हा प्रश्न त्याने विचारला तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

खरं असं आहे की वरची हवा एकाच वेळी पोचत नाही, आधीच पोचते, खालच्या हवेपेक्षा चांगली पुढे निघून गेलेली असते. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी २००३ साली यावर लेख लिहिला, विंड टनेलमध्ये (पंख तपासायला ज्यातून वारा सोडतात तो बोगदा) धुराच्या रेघा सोडून, मध्येमध्ये तोडून, धुराचे तुकडे पंखाच्या वरून आणि खालून कसे जातात ते दाखवलं. त्याचा व्हिडिओ बघाच, वरचा धूर मागच्या कडेपलीकडे गेलेला असतो तेव्हा खालचा अजून पंखाखालीच असतो. भाच्याने तो पाच-सहा वेळा मागे घेऊन बघितला.

मग आकार करतो काय? मी त्याला असं सांगितलं. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा थोडा तिरका केला की हात वर जातो ना (कंडक्टर ओरडतो ती गोष्ट वेगळी, आणि ओरडतो ते बरोबरच आहे), तर हाताने हवा खाली ढकलली म्हणून हात वर गेला. पंख पण हेच करतो, येणाऱ्या हवेला वळवून खाली पाठवतो. सपाट फळीसुद्धा हे करते. पण फळीच्या पुढच्या धारदार कडेवरून वर जाणाऱ्या हवेला एकदम वळावं लागतं, तिला ते जमत नाही, ती फळीला सोडून देते आणि मागे नुसता भोवऱ्यांचा गोंधळ होतो. पंखाची गोलसर पुढची कड आणि वरचा बाक म्हणजे त्या हवेला दिलेला सावकाश वळणाचा रस्ता आहे. घाटातला रस्ता जसा. आणि वळणावरून जाणारी कुठलीही गोष्ट आतल्या बाजूला खेचली गेल्याशिवाय वळत नाही, हवेला आत खेचायला दोरी नसते, फक्त दाबातला फरक असतो, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पंखाच्या पाठीवर, दाब कमी व्हावाच लागतो. दाब कमी म्हणून तिकडे येणारी हवा जोरात. गाईडात कारण आणि परिणाम उलटे झालेत एवढंच.

आणि कोन जास्त झाला, बहुतेक पंखांना १५-१६ अंशांच्या आसपास, की सावकाश वळणाचा रस्ताही पुरत नाही, हवा पाठ सोडते, उचल धाडकन पडते. त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा काही संबंध नाही, पेपरात नेहमी गल्लत केलेली असते.

खालून सपाट असायलाच पाहिजे असंही नाही. कसरती करणाऱ्या विमानांचे पंख वर-खाली अगदी सारखे फुगीर असतात, सिमेट्रिक, म्हणून ती उलटी पण तशीच उडतात. वरचा रस्ता लांब आणि खालचा आखूड असला तरच उचल मिळते हे खरं असतं तर ती उडालीच नसती.

आता २४१२. हे आकडे म्हणजे पंखाची कुंडलीच आहे. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरळ लांबी म्हणजे कॉर्ड, ती १०० धरली तर पहिला २ म्हणजे मधल्या रेषेचा बाक २ टक्के, दुसरा ४ म्हणजे तो बाक सगळ्यात जास्त कुठे तर ४० टक्क्यांवर, आणि शेवटचे १२ म्हणजे जास्तीत जास्त जाडी १२ टक्के. आमच्या ग्लायडरचा कॉर्ड १०० मिलिमीटरच होता त्यामुळे भाच्याला फार सोपं गेलं, २ मिलिमीटर बाक, १२ मिलिमीटर जाडी, ही जाडी ३० टक्क्यांवर. ही पद्धत अमेरिकेच्या नाका या संस्थेची, जिची पुढे १९५८ साली नासा झाली. १९३३ साली ईस्टमन जेकब्ज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ७८ प्रोफाइलचा रिपोर्ट काढला, त्यातून हे चार आकडे जगभर गेले.

त्या रिपोर्टमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी जाडीचा आकार कुठून घेतला. तेव्हा दोन प्रोफाइल चांगले म्हणून नावाजलेले होते, एक अमेरिकेतला क्लार्क वाय, व्हर्जिनियस क्लार्क यांचा, खालून सपाट, आणि एक जर्मनीतल्या गोटिंगनचा ३९८ नंबरचा. दोन्ही बघायला वेगळे. पण या लोकांनी दोघांमधला बाक गणिताने काढून टाकला, सरळ केले, आणि दोघांची जाडी एका मापाची करून एकावर एक ठेवले तर ते जवळजवळ तंतोतंत जुळले! दोन देशांत दोन वेगवेगळ्या माणसांनी चाचपडत चाचपडत शोधलेला आकार आतून एकच निघाला. मग त्यांनी त्याला एक सूत्र बसवलं, ते आजही चालतं. त्या सूत्राची एक खोड आहे जी वायरने पंख कापणाऱ्यालाच कळते, मागची कड पूर्ण शून्य होत नाही, १२ टक्के जाडीला कॉर्डच्या पाव टक्का जाड राहते. आमच्या १०० मिलिमीटरला पाव मिलिमीटर. थर्माकोलमध्ये पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तिथे वायरच्या उष्णतेने कड वितळून जाते, त्यामुळे आम्ही ती २ मिलिमीटर आधीच सोडली आणि ब्राऊन टेपने कड केली.

कापायची रीत सोपी आहे, फॉर्मायकाचे दोन टेम्पलेट, थर्माकोलच्या दोन टोकांना टाचणीने लावलेले, नायक्रोमची वायर चार्जरवर तापवलेली, आणि दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेगाने ओढायची. मी माझ्या बाजूला आकडे मोठ्याने म्हणत होतो, दहा, वीस, तीस, तो त्याच्या बाजूला त्याच खुणेवर. पहिला पंख बिघडला, दुसरा छान आला. ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, मध्ये थोडा वर उचललेला कोन, एकूण ९० सेंटिमीटर. खाली काठी, मागे शेपटी, नाकाला क्ले. सगळं मिळून १५० ग्रॅम.

दुसऱ्या रविवारी गावाबाहेर एक टेकाड आहे, दीड मजला उंच असेल, त्यावर गेलो सकाळी सहाला, वारा नसतो तेव्हा. फेकला. तोल बरोबर होता, सरळ गेला, पण गेला तो असा की जणू कुणी खाली ओढतंय. २७ पावलं. परत फेकला, क्ले कमी केला, जास्त केला, २५, २७, २८. जरा नाक वर धरलं की हवा एकदम पंख सोडून द्यायची. इतका गुळगुळीत, टेप लावून चकचकीत केलेला पंख, सेसनाचा प्रोफाइल! भाचा काही बोलला नाही पण त्याचा चेहरा उतरला ते दिसत होतं.

मला कारण माहीत होतं, थोडंफार. पण मला ते त्याच्यासमोर करून बघायचं होतं. घरी येऊन २ मिलिमीटरचं बालसा शीट घेतलं, ते १०० मिलिमीटर रुंदच येतं, त्याचे ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे केले, पाण्यात भिजवले आणि ताईच्या तांदळाच्या उंच डब्याला सुतळीने बांधून ठेवले. दोन दिवसांनी सोडले तेव्हा थोडे उलगडले पण साधारण ६ मिलिमीटरचा बाक राहिला. म्हणजे पंख कसला, वाकवलेली पट्टी. पुढची कड पॉलिश पेपरने जराशी गोल केली. काठी तीच, शेपटी तीच, वजन क्लेने तेवढंच १५० ग्रॅम केलं. तिसऱ्या रविवारी त्याच टेकाडावरून, ४६ पावलं. पुन्हा ४४. पुन्हा ४७. आणि नुसतं लांब नाही, तरंगत, सावकाश.

तर वाकवलेल्या पट्टीने ७८ प्रोफाइलच्या रिपोर्टमधल्या पंखाला हरवलं. भाचा म्हणाला, म्हणजे मामा तो २४१२ वाईट आहे? आणि मला जे सांगायचंय ते इथेच आहे. आकार चांगला किंवा वाईट नसतो. केवढ्या पंखाला आणि किती वेगाला, हे विचारल्याशिवाय आकाराविषयी बोलताच येत नाही. हत्तीला मण आणि मुंगीला कण म्हणतात ना, हवेच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, फक्त माप जेवणाचं नाही.

मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंग सोडून दाखवलं की प्रवाह शांत राहणार की घुसळला जाणार हे वेग, नळीची रुंदी, द्रवाची घनता आणि त्याचा चिकटपणा यांच्या एका गुणोत्तरावर ठरतं. त्याला आता रेनॉल्ड्स नंबर म्हणतात, तो लहान असला की प्रवाह शांत, मोठा असला की घुसळलेला. पंखासाठी हिशोब सोपा आहे, वेग मीटरमध्ये गुणिले कॉर्ड मीटरमध्ये गुणिले साधारण ७०,०००. आमचा ग्लायडर, सेकंदाला ६-७ मीटर, कॉर्ड ०.१, म्हणजे ४५ हजारांच्या आसपास. सेसना, ६० मीटर, कॉर्ड दीड मीटर, म्हणजे ६० लाखांच्या वर. शंभरपटीहून जास्त फरक. सेसनासाठी हवा पातळ आहे, आमच्या ग्लायडरसाठी तीच हवा काकवीकडे झुकलेली.

आता असं वाटेल की शांत प्रवाह चांगलाच की. पण पंखाला चिकटून जाणारा जो पातळ थर असतो तो शांत असला की दुबळा असतो. पंखाचा सगळ्यात जाड भाग ओलांडला की पुढे दाब पुन्हा वाढत जातो, म्हणजे हवेला चढण चढायची असते, आणि या दुबळ्या थरात चढायची ताकद नसते, तो मध्येच थांबतो आणि पाठ सोडतो. मोठ्या विमानावर तोपर्यंत तो थर आपोआप घुसळला गेलेला असतो, बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळत राहते, त्यामुळे तो चढण चढून जातो. आमच्या गुळगुळीत जाड पंखावर तो थर शांतपणे आला आणि शांतपणे सुटून गेला. पातळ पट्टीला ही चढण मुळातच कमी, शिवाय तिची बारीक पुढची कड हवेला लगेच डिवचते. म्हणून ती जिंकली.

आणि हीच गोष्ट मोठ्या मोठ्या लोकांना चुकवून गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ओटो लिलिएंथाल, बर्लिनकडचे, पांढऱ्या करकोच्यांचे पंख वर्षानुवर्षं अभ्यासून १८८९ साली पुस्तक लिहिलं, वाकवलेला पंख सपाट पंखापेक्षा किती चांगला ते आकड्यांनिशी दाखवलं, आणि स्वतः ग्लायडर करून टेकडीवरून उड्या घेतल्या. १८९६ च्या ऑगस्टमध्ये पडून गेले. त्यांचे आकडे घेऊन राइट बंधूंनी ग्लायडर केले. १९०१ चा ग्लायडर कॉर्डच्या बाराव्या भागाइतका बाक देऊन केला तर तो नीट चालेना, तिथेच, किटी हॉक या उडवायच्या जागी, त्याचा बाक कमी करून साधारण एकोणिसाव्या भागावर आणला, आणि तरीसुद्धा उचल हिशोबाच्या एक तृतीयांशच मिळाली. घरी डेटनला आले आणि कुठलेच आकडे आयते घ्यायचे नाहीत असं ठरवलं. आधी सायकलच्या हँडलवर एक तिसरं चाक आडवं बसवून, त्यावर एका बाजूला छोटा पंख आणि दुसऱ्या बाजूला सपाट पट्टी लावून गावातून सायकल दामटली, कोण कुणाला ढकलतं ते बघायला. मग ६ फुटी लाकडी खोका केला, एका टोकाला पंखा, आत सायकलचे स्पोक आणि हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे जोडून केलेला तराजू. पत्र्याच्या कात्रीने पत्रा कापून, ठोकून, कडेला मेण किंवा सोल्डर लावून दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले. ऑक्टोबर ते डिसेंबर १९०१. टूलरूममधल्या माणसाला हे वाचताना काय वाटतं ते मी सांगू शकत नाही, ती सगळी हत्यारं माझ्या बेंचवर आहेत.

खोक्यातले आणि ग्लायडरचे आकडे ताडून कळलं की हवेच्या दाबाचा जो स्थिरांक शंभर-दीडशे वर्षं बरेच जण वापरत होते, ०.००५, तोच खऱ्याच्या दीडपट होता, खरा ०.००३३ च्या जवळ. आणि खोक्यात दिसलं की लांब-अरुंद पंख आखूड-रुंद पंखापेक्षा चांगला. बाक साधारण विसाव्या भागाचा ठेवला आणि १७ डिसेंबर १९०३ ला उडाले, पहिलं उड्डाण १२ सेकंद.

पण त्यांच्या खोक्यातले पंख काही इंचांचे होते, वारा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रेनॉल्ड्स नंबर आमच्या थर्माकोल ग्लायडरच्याच पंगतीतला! तिथे पातळ वाकवलेला पत्रा जिंकणारच होता. त्यांच्यानंतरही सगळ्यांचे विंड टनेल छोटेच होते आणि सगळीकडे तेच उत्तर आलं, पातळ पंख चांगला. म्हणून पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमानं बघा, पापडासारखे पंख, आणि ते मोडू नयेत म्हणून बाहेर तारांचं आणि खांबांचं जाळं. ते जाळं हवेत किती अडथळा करतं! पंख चांगला निवडला म्हणून जाळं आलं, आणि मुळात निवडच लहान मापाच्या प्रयोगावरून झालेली.

जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी १९१५ साली जाड पंखाचं, सगळं धातूचं, बाहेर एकही तार नसलेलं विमान उडवून दाखवलं. गोटिंगनला लुडविग प्रांटल (पंखाला चिकटलेल्या त्या थराची कल्पना १९०४ साली मांडणारे तेच) यांनी १९१७ मध्ये मोठा विंड टनेल चालू केला आणि त्यात दिसलं की जाड पंख मोठ्या मापावर मुळीच वाईट नाही, उलट नाक बरंच वर उचललं तरी हवा पाठ सोडत नाही. जर्मनीतल्याच फोकर कंपनीच्या तीन पंखी लढाऊ विमानाला गोटिंगन २९८ हा प्रोफाइल होता, १३ टक्के जाड. १९१८ चं फोकर डी ७ पण जाड पंखाचं, ते प्रोपेलरवर लटकल्यासारखं नाक वर करून राहू शकायचं. युद्धबंदीच्या करारात जर्मनीने कोणती विमानं द्यायची त्यात डी ७ चं नाव घालून लिहिलेलं आहे.

अमेरिकेने मग मापाचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला, आणि हे डोकं प्रांटलच्याच एका शिष्याचं, मॅक्स मुंक यांचं. मॉडेल लहान आहे, वेग फार वाढवता येत नाही, तर हवाच दाट करा! व्हर्जिनियात लँगलीला पोलादी टाकीच्या आत विंड टनेल बसवला आणि हवा २० पट दाबाने भरली. दाट हवेत ५ इंची कॉर्डचा पंख मोठ्या विमानासारखा वागायला लागला, रेनॉल्ड्स नंबर ३० लाखांच्या घरात. ते ७८ प्रोफाइल, आपला २४१२ धरून, याच टाकीत तपासले. तो प्रोफाइल जन्मालाच मोठ्या विमानासाठी आलाय. आम्ही त्याला हाताने फेकत होतो.

हे सगळं टेकाडावर बसून सांगितलं, थर्मासमधला चहा संपला. मग भाच्याला म्हटलं, आता शेवटचा प्रयोग. तोच २४१२ पंख, तोच, काही बदलायचं नाही. खिशातून ताईचा शिवणाचा दोरा काढला, जाड, गोधडीचा असतो तो. पंखाच्या पाठीवर, पुढच्या कडेपासून ८-१० मिलिमीटर मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेविकॉलने चिकटवला. पंधरा मिनिटं वाळवला. बघणाऱ्याला वाटेल चांगला गुळगुळीत पंख खराब केला. फेकला.

३८ पावलं.

२७ चे ३८, एका दोऱ्याने. त्या दोऱ्याला अडखळून हवेचा थर घुसळला गेला आणि चढण चढून गेला. परत फेकला, ३७. दोरा नखाने सोलून काढला, २६. भाच्याने स्वतः परत चिकटवला, ३९. हे मी वाचलेलं होतं, मॉडेलवाले फार जुन्या काळापासून हे करतात, पण इतका फरक मी स्वतःच्या हाताने कधी बघितला नव्हता. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, सकाळी साडेसातला टेकाडावर ओरडत होतो.

पुढचा इतिहास त्याला घाईघाईत सांगितला, कारण ताईचे फोन सुरू झाले होते. मोठ्या विमानांना नेमकं उलटं हवं असतं, थर जितका वेळ शांत राहील तितकी घासण कमी, म्हणून सर्वांत जाड भाग मागे ढकललेले प्रोफाइल आले, दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग हे त्यातलं नावाजलेलं, पण रिव्हेट, धूळ, चिकटलेले किडे यांनी तो शांतपणा प्रत्यक्षात फारसा टिकायचा नाही. आमचा दोरा जे करतो तेच एक चिलट करतं, फक्त तिथे ते नको असतं. मग जेट आले, ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यावर पंखाच्या पाठीवरची हवा ध्वनीच्याही पुढे जाते आणि तिथे धक्क्याची भिंत उभी राहते. त्यावर नासाच्या रिचर्ड व्हिटकम यांनी १९६० च्या दशकात सुपरक्रिटिकल प्रोफाइल काढला, पाठ जवळजवळ सपाट आणि मागच्या भागात पोटाला आत गेलेला बाक, म्हणजे गाईडातलं चित्र उलटं धरल्यासारखं. हे व्हिटकम हातात कानस घेऊन मॉडेल स्वतः घासायचे, पुट्टी लावायचे, परत टनेलमध्ये घालायचे. १९७१ मध्ये एफ-८ विमानावर तो पंख उडवून बघितला, आणि आज आपण ज्या प्रवासी जेटमधून जातो त्यांच्या पंखात त्याचंच रक्त आहे.

प्रदर्शनात भाच्याने तीन पंख शेजारी ठेवले, टोकाकडून आकार दिसेल असे. साधा २४१२, दोरा लावलेला २४१२, आणि तांदळाच्या डब्यावर वाकवलेला. खाली पावलांचे आकडे. एका बाईंनी त्याला विचारलं की दोरा चुकून राहिलाय का, तर याने त्यांना रेनॉल्ड्सपासून सुरुवात करून सांगितलं म्हणे.

काल परत त्याचा फोन होता. खिडकीत मेलेला चतुर सापडला, त्याचा पंख त्याने भिंगाखाली धरून बघितला, म्हणाला मामा हा तर वाकवलेला पण नाही, हा पन्हाळी पत्र्यासारखा आहे, वर-खाली घड्याच घड्या. बरोबर आहे. चतुराचा पंख जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, रेनॉल्ड्स नंबर काही हजारांत, तिथे त्या घड्यांच्या खाचांमध्ये हवेचे छोटे भोवरे फिरत बसतात आणि वरून जाणाऱ्या हवेला ते भरून काढलेल्या गुळगुळीत पाठीसारखे वाटतात. शिवाय घड्यांमुळे इतका पातळ पंख ताठ राहतो. मी त्याला म्हटलं ड्रॉइंग पेपरला अशा घड्या घालून बघ, रुंदी ३ सेंटिमीटरच ठेव, आणि एक तसाच सपाट कर, वजन सारखं. रविवारी येतोय मी. येताना पोस्टाचा छोटा तराजू आणायचाय, ग्रॅमच्या खालचं मोजणारा.